डिझेलमध्ये पाणी नव्हतं

आबा,

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी जीप विकली आणि मी शाळेची व्हॅन घेतली, हे तुम्हाला ठाऊक नाही. सोनगीरच्या आसपासच्या खेड्यांतली बारा मुलं मी रोज सकाळी धुळ्याला शाळेत सोडते आणि दुपारी घरी आणते. दहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात जे झालं ते घरात कुणालाच नीट सांगता आलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

सकाळची वेळ. हायवेच्या उड्डाणपुलाचा चढ. गाडी दोनदा आचके देते आणि चढाच्या मधोमध बंद पडते. मागून ट्रेलर येतो आहे, हॉर्न दाबून धरलेला. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवत राहते. तो इतक्या जवळून निघून जातो की व्हॅन जागच्या जागी हलते. मागच्या सीटवरची पहिलीतली मुलगी रडत नाही, फक्त दप्तर पोटाशी घट्ट धरते. मी सगळ्यांना डाव्या दाराने उतरवलं, कठड्याला टेकवून उभं केलं, मोजलं, परत मोजलं. एका भाजीवाल्याने त्याची पिकअप आमच्या मागे आडवी लावली आणि मग तिच्यातूनच मुलांना शाळेत नेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बंद व्हॅन मी ट्रॅक्टरने ओढून अंगणात आणून लावली.

दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागलेला होता. आमच्या फाट्यावर वर्षभरापूर्वी एक नवा पंप झाला आहे. हायवेवरच्या मोठ्या पंपापेक्षा तिथे डिझेल थोडं स्वस्त मिळतं आणि मी बहुतेक वेळा तिथेच भरते, हे सगळ्यांनी पाहिलेलं. हायवेवर तर साध्याच्या शेजारी आणखी महाग, वेगळ्या नावाचं डिझेलही असतं. मुलं नेणाऱ्या बाईनं ते भरायला नको का, असं एकीनं लिहिलं. मग एका मुलाच्या वडिलांनी लिहिलं की फाट्यावरचा पंप डिझेलमध्ये पाणी घालतो. त्यांनी मला फोन करून विचारलं, ताई, पाणीच होतं ना? माझ्यावर येणारा राग दुसरीकडे वळतो आहे हे मला त्या एका क्षणात दिसलं, आणि मी म्हणाले, "असेल. माझीही फसवणूकच झाली."

ते वाक्य रात्रीपर्यंत तीन गावांत फिरलं. दुसऱ्या दिवशी मी पंपावरून गेले तेव्हा तिथे एकही गाडी नव्हती. डिझेल भरणाऱ्या दोघी बाया सावलीत खुर्च्या टाकून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मी मान वळवली नाही.

तेव्हा मला तुमची जीप आठवली, आबा. मी नुकती चालवायला शिकलेली, दोंडाईचाच्या रस्त्यावर एका लहानशा पंपावर डिझेल भरलेलं, आणि पुढे जीप खोकायला लागली. मी तावातावाने म्हटलं, या फालतू पंपाचं डिझेलच खराब. तुम्ही मला खाली उतरवलंत, बाभळीखाली बसवलंत आणि पाना हातात दिलात. "पहिले तुना फिल्टर खोल. मंग डिझेलले नाव ठेव." फिल्टरमधून काळा चिखल निघाला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं गाड्या उघडलेला माणूस मला सांगत होता की मोठ्या पाटीचा पंप असो की लहान, टँकर बहुतेक तेल कंपन्यांच्या एकाच डेपोतून भरून येतात. फरक पडतो तो पंपावरच्या टाकीच्या आणि आपल्या गाडीच्या निगेमुळे. घरी येऊन तुम्ही निरम्याने हात धूत होता आणि आईला म्हणालात, पोरगी हात काळे करायला घाबरत नाही. तेवढं कौतुक मला पुढे पुष्कळ वर्षं पुरलं.

तिसऱ्या दिवशी पंपाचे मालक दारात आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मी त्यांना भाऊ म्हणते. हातात काचेची उंच नळी, घनता मोजायचं यंत्र, आणि टँकर उतरवताना काढून ठेवलेला सीलबंद नमुना. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "ताई, तुमच्या टाकीतलं काढा. तुमच्यासमोर मोजू. पाणी निघालं तर मी पंपाला कुलूप लावतो."

आम्ही अंगणात मोजलं. नमुन्याची आणि टाकीतल्या डिझेलची घनता जुळली; पाणी नव्हतं. मग त्यांच्यासमोरच मी फिल्टर खोलला. तोच काळा गाळ, आबा. बदलायची वेळ होऊन दुप्पट किलोमीटर झालेले. भाऊंनी गाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नळी पुसून पिशवीत ठेवली.

रविवारी शाळेच्या ओट्यावर पालक जमले. मी दोन काचेच्या बाटल्या नेल्या. एकीत माझ्या टाकीतलं, दुसरीत हायवेवरचं महागडं. दोन्ही आदल्या दिवसापासून हलवल्या नव्हत्या. पाणी असतं तर खाली बसलं असतं; दोन्हींच्या तळाशी काही नव्हतं. मी सांगितलं की वर्षभर मी दोन्ही प्रकार भरून पाहिलेत; चढावरची ओढ सारखी, ॲव्हरेज सारखं. महागड्यात इंजिन साफ ठेवायचं काहीतरी घातलेलं असतं, त्याचा पुढेमागे उपयोगही होत असेल, पण ते फिल्टर बदलून देत नाही. मग फिल्टरमधला गाळ वाटीत घालून नेला होता, तो पुढे केला. चूक पंपाची नाही, माझी आहे, म्हटलं.

त्या पहिलीतल्या मुलीची आई उठली.

"मंग त्या दिवशी पानी शे असं काब सांगं तुम्ही?"

पाणी आहे असं का सांगितलं? मी म्हणाले, घाबरले होते. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला खाली बघावं लागलं.

चार घरांनी मुलं काढून घेतली. त्या आईने काढली नाही, पण आता दर आठवड्याला ती गाडीपाशी येते आणि फिल्टर कधी बदलला ते विचारते. मी बिल दाखवते. पाण्याचा मेसेज लिहिणाऱ्यांनी दुसरा मेसेज लिहिला नाही. पंपावर गाड्या हळूहळू परतताहेत. मी तिथेच भरते. भाऊ पूर्वी "या ताई" म्हणायचे. आता कामातून मान वर करत नाहीत. ते माझ्या वाट्याचं आहे.

हे कागद मी कपाटात तुमच्या निवृत्तीच्या फोटोमागे ठेवणार आहे. तुम्ही असता तरी तुमच्या हातात द्यायची हिंमत झाली नसती, कारण एक गोष्ट मी ओट्यावरही सांगितली नाही. फिल्टर खोलला तेव्हा कळलं, असंच सगळे समजतात. गाडी आठ दिवसांपासून चढावर जड जात होती, आबा. दोष फिल्टरचा आहे हे ती मुलं कठड्याशी उभी होती तेव्हाच मला ठाऊक होतं.