नोंद नसलेली अटक

प्रति,
मा. निवासी आयुक्त,
महाराष्ट्र शासन, नवी दिल्ली

विषय : कु. अक्षता हिला तातडीने आश्रय मिळणे व कै. नरसिंह सबनीस यांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी होणेबाबत.
संदर्भ : जिल्हा पोलीस मुख्यालयाकडील अर्जदाराची तक्रार.

महोदय,

१. अर्जदाराचे वडील केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत आलेल्या मराठी मुलांना राज्यघटना शिकवीत. त्यांची विद्यार्थिनी अक्षता हिला तिच्या घरमालकाच्या तोंडी तक्रारीवरून दिल्लीलगतच्या फरीदाबादेतील एका पोलीस चौकीत नेले. दुसऱ्या दिवशीही ती परतली नाही, म्हणून वडील तिथे गेले. अनुच्छेद २२ प्रमाणे तिला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायला हवे होते, एवढेच ते म्हणाले. चौकीप्रमुख हसले, "मास्टरजी, क्लास घर पे लीजिए." वडील बाकावरून उठले नाहीत. त्यांना आतल्या खोलीत नेलेले अक्षताने पाहिले. पुढचे तिने भिंतीपलीकडून ऐकले. ते अर्जदाराला इथे लिहवत नाही. संध्याकाळी वडील चौकीसमोरच्या रस्त्यावर मृतावस्थेत "आढळले".

२. पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाल्यास चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते. अर्जदारास मिळालेले उत्तर असे : अटकेची नोंद नाही, म्हणजे अटक नाही, अटक नाही, म्हणजे ताबा नाही, सबब न्यायालयाचा संबंध येत नाही. अक्षताला त्याच रात्री सोडून दिले, पण तिचीही नोंद नाही. म्हणजे त्या दिवशी चौकीत कोणी नव्हतेच. पकडणाऱ्यानेच निवाडा करू नये म्हणून घटनेने न्यायालय सरकारपासून वेगळे ठेवले, असे वडील शिकवीत. घरात हे इतक्या वेळा ऐकले होते की अर्जदाराचे त्याकडे लक्षही नसे.

३. संदर्भातील तक्रार "योग्य कार्यवाहीसाठी" एकेक पायरी उतरत त्याच चौकीप्रमुखांकडे पोचली. काल ते ती घेऊन अर्जदाराच्या घरी आले. चपला बाहेर काढल्या, वडिलांच्या फोटोला हात जोडले, पाणी मागून घेतले. "बेटा, बहुत अच्छा लिखा है. पापा पे गई हो." मग विचारले, "वो लड़की आजकल कहाँ रहती है?" अर्जदाराने माहीत नसल्याचे सांगितले. अक्षता स्वयंपाकघरात होती. निघताना ते दारातल्या चपलांच्या दोन जोडांकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

४. सबब विनंती की, उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी वकील मिळावा, आणि हा अर्ज योग्य कार्यवाहीसाठी कुठेही पाठवू नये. अक्षता या क्षणी आपल्या स्वागतकक्षात बसली आहे. पोच मागाहून दिली तरी चालेल. आधी तिला आत घ्यावे.

सोबत : अक्षताचा जबाब, मृत्यूचा दाखला, चौकीचे नाव, बंद लिफाफ्यात.

आपल्या उत्तरासाठी खाली थांबलेली,
मैत्रेयी नरसिंह सबनीस
दि. १२ मार्च
पत्ता : तूर्त देता येत नाही