आप्पांनी आणलेला कूलर

ताई,

माझ्या खोलीत कपाटाएवढा पाण्याचा कूलर दिसला तर दचकू नकोस. तो माझ्या गेमिंग कॉम्प्युटरचा पार्ट आहे, असं आप्पांचं म्हणणं आहे.

काल जेवताना मी म्हणालो, "सगळे पार्ट आले, प्रोसेसर तापू नये म्हणून कूलर तेवढा राहिलाय." एरवी हा विषय निघाला की आप्पा ताटावरून उठतात. काल बसून राहिले, आणि आज मंचरहून पिकअपमध्ये घालून हा राक्षस घेऊन आले. वर म्हणाले, "सुदर्शन, लई मोठा घेतलाय. तुझं यंत्र आता तापायचं न्हाई. पानी रोज मी भरीन."

मला तळहाताएवढा पंखा हवा होता, हे कुठल्या तोंडानं सांगू?

तोच आणायला गुपचूप मंचरला चाललोय. आईला केस कापायला जातो म्हणालोय, त्यामुळे आता केसही कापावे लागणार.

दमट हवेनं कॉम्प्युटर जाईल. पण आप्पा बादली घेऊन आले तर त्यांना अडवू नकोस. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कॉम्प्युटरसाठी काही आणलंय. तू कॉम्प्युटर उचल आणि स्वयंपाकघरात ने.

सुदर्शन