पंपवाले आमदार

२ नोव्हेंबर, सकाळी ७
निवडून आलो! एकवीस वर्षं पंपांचा कारखाना चालवला, आता राज्य चालवायचं. मतदार म्हणजे कस्टमर, दुसरं काय? उद्योगखातं माझ्यासाठीच राखून ठेवलंय, हे पक्षाध्यक्षांच्या हसण्यावरून कळलं. कारखाना मेहुण्याच्या गळ्यात घातला.
संकल्प: रोज पाचला उठणे. रोज शंभर लोकांना भेटणे.

३ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. दारात ही गर्दी! अपॉइंटमेंटशिवाय भेट नाही, असं कळवलं. शिस्त म्हणजे शिस्त. हिने सगळ्यांना आत घेऊन चहा दिला, तक्रारी वहीत लिहून घेतल्या. बायकांना सिस्टिम कळत नाही.

१९ नोव्हेंबर
उद्योगखातं एका दंतवैद्याला. मला ग्रंथालय समिती. सभागृहात जागा शेवटच्या रांगेत, खांबामागे. एका दृष्टीने बरंच. तिथून ओव्हरव्ह्यू चांगला मिळतो.

८ डिसेंबर
पहिलं भाषण. चाळीस स्लाइड्स नेल्या होत्या. सभागृहात पडदा नसतो म्हणे. मग वाचूनच दाखवल्या, ‘पुढची स्लाइड’ सकट. सातवीला विधानसभा अध्यक्षांनी घंटा वाजवली. विरोधकांतून कोणीतरी विचारलं, सन्माननीय सदस्य गॅरंटी किती वर्षांची देतात? आमच्याच बाकांवरचे जास्त हसले. जळतात मेले.

१४ मार्च
सरकारी दवाखान्यातली मोठी सिस्टर आली. बाळंतिणींच्या वॉर्डात पाणी नाही. नातेवाईक बादल्या घेऊन तीन जिने चढतात. परवा एक म्हातारी पाय घसरून पडली. म्हटलं, सिस्टर, पाणी हा तर माझा विषय!

२६ मार्च
दवाखान्यात माझ्याच कारखान्यातला टॉप मॉडेल पंप. पाटीवर माझं नाव पंपाहून मोठं. फोटोग्राफर तयार. बटण दाबलं. पंप घरघरला आणि नुसती हवा ओकला. खालच्या टाकीला नळजोडच नाही, हे कोणी सांगायचं? सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!
पंप ए-वन आहे. पाण्याने सहकार्य केलं नाही.
संकल्प: पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला उद्याच कडक पत्र.

५ एप्रिल
पत्र राहिलं. लेटरहेडचा निळा फार फिका आहे. नवीन छापायला टाकलं.

२१ एप्रिल
ही आज तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेली, संध्याकाळी आली. विचारलं तर म्हणे, इंजिनिअरच्या खोलीबाहेर बाकावर बसते. तो बाहेर आला की उभी राहते आणि नळजोडाचं विचारते. मी तापलो. आमदाराची बायको बाकावर? तर म्हणाली, अहो, खुर्ची तुम्ही अडवलीत, मला बाकच उरला.

२९ एप्रिल
दवाखान्यात पाणी आलं. माझ्या पंपातून! प्रेसनोट काढली: ‘आमदारांच्या पाठपुराव्याला यश’. एकाही पेपरने छापली नाही. एका बाळंतिणीने मुलीला हिचं नाव ठेवलं. लोक फार भावनिक.

११ जुलै, तिसरं वर्ष
मंत्रिपदासाठी दबावतंत्र. ग्रंथालय समितीचा राजीनामा पाठवला. मनधरणीच्या फोनची वाट बघत बसलो. चार मिनिटांत फोन आला. मंजूर.

९ ऑगस्ट, पाचवं वर्ष
तिकिटासाठी पक्षाध्यक्षांनी दोघांनाही बोलावलं. म्हणाले, सर्व्हेत तुमच्या घराला भरघोस मतं आहेत. मी नम्रपणे मान झुकवली. वर केली तेव्हा ते हिच्याशी बोलत होते. वहिनी, फॉर्म तुम्ही भरा.
गाडीत हिने विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का हो? छे! मार्गदर्शन करीन म्हटलं. म्हणाली, करा, फक्त भाषण करू नका.

२५ ऑगस्ट
कारखान्यात गेलो. माझ्या केबिनमध्ये वॉशरची खोकी. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही आता आराम करा. विक्री बरीच वाढली आहे. पाया मी घातला होता.

१२ सप्टेंबर
प्रचारात मी कुठेही दिसू नये, असं पक्षाने एकमताने ठरवलंय. हुकमाचं पान शेवटी टाकतात.
संध्याकाळी कोपऱ्यावर दाढीला बसलो होतो. प्रचाराची पोरं आली, प्रत्येकाच्या हातात पत्रक देत. एकाने मलाही दिलं. म्हणाला, काका, या वेळी ताईंनाच द्या, आपल्याला पहिल्यांदाच आमदार मिळेल.
तोंडाला फेस होता, म्हणून ओळखलं नसेल.
न्हाव्याने मात्र ओळखलेलं होतं. त्याने माझ्या हातातलं पत्रक हळूच काढून घेतलं, आरशाला चिकटवलं, आणि म्हणाला, मान जरा खाली.