पुढच्या बंदराचा झेंडा

४ मार्च

गेला. स्टेशनवर येऊ नकोस म्हणाला, म्हणून गेले नाही. मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात मदतनीस. सहा महिने! पोटातलं तोवर बाहेर आलेलं असेल. "परत येईनच की, वटवटे," म्हणाला. मला वटवट म्हणतो, फोनमध्येही माझा नंबर याच नावाने ठेवलाय. एरवी हसून म्हणतो. आज हसला नाही.

बाबांनी दुकानाच्या दारातून नुसता हात वर केला, हातात वस्तरा तसाच. सासरे माझे असे आहेत — मुलगा परदेशी निघाला तरी गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडणार नाहीत.

९ मार्च

फोन बंद. मन थाऱ्यावर नाही. बाबा म्हणतात, "समुद्रात काय टॉवर असतात? धीर धर." आणि स्वतः सकाळपासून एकाच टॉवेलच्या घड्या घालतायत, मोडतायत.

११ मार्च

मेसेज आला! "जहाजावर फोनवर बोलायला मनाई आहे. प्रत्येक बंदरावरून त्या देशाचा झेंडा पाठवीन. काळजी घे." खाली एक लाल झेंडा, त्यावर दोन डोक्यांचा काळा गरुड. शोधलं — अल्बेनिया. जीव भांड्यात पडला.

वटवटे म्हटलं नाही. घाईत असेल.

१३ मार्च

बाबांनी कुठून तरी जगाचा नकाशा आणून मोठ्या आरशाशेजारी लावलाय. कागदावर झेंडा रंगवून, कापून अल्बेनियावर डकवला. येईल त्याला सांगतात, "तिथले लोक आपल्या देशाला गरुडांचा देश म्हणतात. आमचा पोरगा तिथं पोचला." ज्या माणसाच्या तोंडून 'बारीक की मध्यम?' यापलीकडे शब्द निघत नसे, तो आता झेंड्यांवर बोलतो. गिऱ्हाइकाला मान हलवायची सोय नाही, त्यामुळे ऐकावंच लागतं.

२ एप्रिल

अंगोला. लाल आणि काळा, मध्ये अर्धं दातेरी चक्र, कोयता, चांदणी. लाल म्हणजे सांडलेलं रक्त, असं वाचलं. बरं चाललंय ना रे तिकडे?

त्याला लांबलचक लिहिलं. पाय सुजतात. दाताच्या दवाखान्यात दिवसभर रिसेप्शनला बसून लोकांचे सुजलेले गाल बघायचे आणि संध्याकाळी स्वतःचे पाय. दुकानात डबा द्यायला गेले तर टेकायला जागा नसते. बाबा पहाटे रेडिओ लावतात, झोपेचं खोबरं होतं, पण सांगणार कोण? न्हाणीची पायरी हलते, भीती वाटते. तू नाहीस तर घर मोठं झालंय. वगैरे वगैरे. अजूनही बरंच, इथे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

उत्तर नाही. दोन निळ्या खुणा मात्र उमटल्या. म्हणजे वाचलं.

६ एप्रिल

बाबांचा रेडिओ गप्प आहे. "बिघडलाय," म्हणाले.

१९ एप्रिल

दुकानात खिडकीजवळ एक नवं स्टूल आलंय. गिऱ्हाईक बसायला गेलं तर बाबांनी उठवलं, "ते सूनबाईचं." न्हाणीच्या पायरीलाही सिमेंट लावून झालंय. वयानं माणूस मऊ होतो म्हणतात ते खोटं नाही.

२५ एप्रिल

अर्जेंटिना. आकाशी-पांढरा, मधल्या सूर्याला चक्क नाक-डोळे! देशाचं नाव चांदीवरून पडलंय. लिहिलं, "येताना चांदीचं काहीतरी आण." निळ्या खुणा. बस्स.

मग मात्र डोकं फिरलं. भर समुद्रात असताना मेसेज वाचतोस — आणि नेहमी दुपारीच वाचतोस — मग चार शब्द लिहायला हात मोडलाय का? फोन केला. रिंग जाते, उचलत नाही. बाळ लाथा मारतं आता, तेही सांगायचं नव्हतं तुला, असं लिहून टाकलं. लगेच वाईट वाटलं.

२७ एप्रिल

बाबा दुकान बंद ठेवून शहरात गेले होते, कात्र्यांना धार लावायला. दिवे लागल्यावर परतले. जेवले नाहीत. "पित्त झालंय."

२८ एप्रिल

त्यातल्या एका कात्रीने सुतळी कापायला गेले. कापते कसली, चावते. धार लावणाऱ्याने चांगलंच गंडवलं बाबांना. बोलले नाही, आधीच त्यांचं तोंड उतरलंय.

१५ मे

ऑस्ट्रेलिया. कोपऱ्यात दुसऱ्याच देशाचा झेंडा, बाकी तारे. अर्थ वाचायचीही इच्छा झाली नाही. दुसरी कोणी असेल का?

३० मे

बार्बाडोस. या नावाचा अर्थ म्हणे 'दाढीवाले'. बाबांना आयतंच मिळालं! "पोरगा दाढीवाल्यांच्या देशात, आणि बाप इथं माश्या मारतोय." सगळं दुकान हसलं. तेही हसले, मग पाठ वळवून बराच वेळ पाण्याची बाटली भरत राहिले.

झेंड्यावर मोडक्या दांड्याचा त्रिशूळ आहे. जुन्या धन्यांशी संबंध तोडल्याची खूण. तोडल्याची — हा शब्द दिवसभर टोचत होता.

१७ जून

बोट्स्वाना. आकाशी झेंडा, मध्ये पांढऱ्या काठांचा काळा पट्टा. डबा घेऊन गेले तेव्हा बाबा नकाशापाशी उभे, "एवढा निळा म्हणजे समुद्रच समुद्र असणार." खुर्चीत बोटवाले काका होते, उभा जन्म जहाजावर गेलेले. अर्ध्या गालाला साबण तसाच, म्हणाले, "अहो, तिथं समुद्र कुठला? चहूकडे जमीन. जहाज काय ढकलत नेलं का?"

लोक खो खो हसले. बाबा दाढीला वळले आणि वस्तरा सटकला. काकांच्या हनुवटीवर रक्त. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हात चुकलेला मी पाहिला नव्हता. "नदी असेल," एवढंच पुटपुटले. बिचारे, पोराची बाजू सावरतायत.

घरी येऊन वाचलं. ती निळाई पावसाची आहे. कोरडा देश, पावसाची वाट बघणारा, तिथल्या पैशाचंही नाव पाऊस. समुद्र नाहीच.

खोटं बोलतोय तो. कुठेतरी जमिनीवर पाय ठेवून बसलाय आणि खोटं बोलतोय. खूप रडले.

१८ जून

दवाखान्यात आज पेशंट कमी. म्हटलं, त्याला तोच झेंडा परत पाठवू, खाली लिहू — जहाज कुठे लावलंस? फोनमध्ये झेंडे शोधत बसले. केवढी रांग! आधी अल्बेनिया दिसला. खाली सरकवलं, अंगोला. आणखी खाली, अर्जेंटिना. ऑस्ट्रेलिया. बार्बाडोस. मग बोट्स्वाना. एकदाही वर जावं लागलं नाही. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेत सगळे. जहाज कधी बाराखडीप्रमाणे चालतं का?

बसल्या जागी बोटाने झेंडे निवडत होता. आणि मी वेडी त्यांचे अर्थ लावत होते. रक्त काय, चांदी काय.

थोडं खाली गेलं की ओळखीचं लाल पान दिसतं. कॅनडा. मूळ शब्दाचा अर्थ म्हणे 'गाव'. उद्या त्याच्या आधी मीच तो पाठवणार. कळू दे त्याला, की मला कळलंय.

पण बाबांना कसं सांगू? इतक्या कौतुकाने झेंडे डकवलेत. नकाशा काढायचा म्हटला तर कोलमडतील. आधी त्यांच्याशी बोलायला हवं — हळूच, गिऱ्हाईक नसताना.

१९ जून

दुकान उघडल्या उघडल्या गेले. बाबा एकटेच, ब्रश धूत होते. तोंड उघडायचा धीर होईना, म्हणून आधी कॅनडा पाठवून टाकला.

वस्तऱ्यांच्या खणात फोन थरथरला.

बाबा ब्रश धूतच राहिले. खण मीच ओढला. त्याचा फोन. काचेवर लाल पान, आणि वर नाव — वटवट.

"जाताना इथं टाकून गेला," बाबा म्हणाले. "शहरात जाऊन जहाजाच्या एजन्सीत विचारलं मी. कुठल्याच जहाजावर चढलेला नाही."

"मग आहे कुठे?"

"मला ठाऊक असतं, तर तुला झेंडे कशाला पाठवले असते, पोरी?"

त्यांनी माझ्याकडे न बघता स्टूल पुढे सरकवलं.