ग्लेनच्या पाटीवर काय लिहायचं

क्वीन्सटाउन, टास्मानिया
२१ जानेवारी १९९६

प्रिय एव्हिस आंटी,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. नाताळचा केकही पोचला, नेहमीसारखा सुतळीनं आवळून बांधलेला. तुमचा गुडघा आता बरा असेल आणि शेजारणीच्या कोंबड्या तुमच्या वाटाण्यात शिरायच्या थांबल्या असतील, अशी आशा करतो. मी ठीक आहे. इथं पाऊस आहे, म्हणजे नवीन काही नाही. लेदरवूडची झाडं यंदा उशिरा फुलली, पण फुलली. मधाच्या पेट्या रानाच्या कडेला नेऊन ठेवल्यात. मधमाश्या माझ्यापेक्षा जास्त काम करताहेत.

पाटीच्या मजकुराचं तुम्ही विचारलं होतंत. त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. याआधी चार वेळा बसलो आणि चारही वेळा मधमाश्यांवर पानभर लिहून कागद चुलीत घातला. हा पाचवा.

तुम्ही लिहिलंत की सोळा फेब्रुवारीला ग्लेनला जाऊन दहा वर्षं होतील, आणि गिर्यारोहण क्लबची माणसं सरावाच्या कड्याखाली त्याच्या नावाची पितळी पाटी बसवणार आहेत. 'मजकूर तूच लिही, नेव. त्याच्याबरोबर तू होतास. एक गाठ तो विसरला, तुम्ही विसरू नका, असं काहीतरी लिही. पोराचं मरण कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.' आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: 'चूक माझीच. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधत राहिले. त्याला सवयच लागली नाही.'

ती ओळ वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. नोव्हेंबरात मी होबार्टला आलो होतो आणि तुम्हाला न भेटता परतलो. सरावाच्या कड्यावर गेलो होतो. का, ते विचारू नका, पाय तिकडे वळले. तिथं एक धिप्पाड बाई पाच-सहा नवख्या माणसांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकवत होती. दोर खाली टाकायच्या आधी ती ओरडली, 'ग्लेन?' आणि सगळे एका सुरात, 'बांधला!'

मग कळलं, दोराच्या टोकाला जी गाठ मारतात तिला हे लोक आता 'ग्लेन' म्हणतात. दोर संपला तर उतरणारा त्या गाठीला अडतो, खाली जात नाही. तेवढंच तिचं काम. एका टकल्या गृहस्थानं विचारलं, 'हा ग्लेन कोण बुवा?'

'होता एक विसरभोळा,' बाई म्हणाली. 'डोकं घरी ठेवून कड्यावर आला. तू नको हं तसं करूस, तुझी बायको मला जिवंत सोडणार नाही.'

सगळे हसले. मीही हसलो, आंटी. तिथं उभा राहून हसलो.

आता त्या दिवसाचं सांगतो. चौकशीत सांगितलं होतं ते विसरा.

दोन दिवस मांडीएवढा चिखल तुडवून ग्लेन आणि मी फ्रेंचमन्स कॅप डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. तिथल्या करावाँग पक्ष्यानं ग्लेनच्या पिशवीची चेन चोचीनं उघडली आणि तुमचा अर्धा केक पळवला. ग्लेन त्याच्यामागे अनवाणी धावला, 'अरे चोरा, आईला काय तोंड दाखवू मी!' हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चांगलं होतं तेही नाही सांगितलं मी.

दुसऱ्या दिवशी चढाई झकास झाली. पांढराशुभ्र कातळ, कोरडा, हाताला धरून ठेवणारा. माथा थोडकाच राहिला असताना नैऋत्येकडून ढग आले, वारा सुटला, आणि आम्ही उतरायचं ठरवलं. उतरताना दुसऱ्या टप्प्याला वाऱ्यानं दोर बाजूला उडवला आणि टोकाची गाठ एका भेगेत जाऊन रुतली. ती सोडवायला ग्लेनला लटकत लटकत आडवं जावं लागलं. तास गेला. माझी बोटं निळी पडली होती आणि मी त्याला, गाठीला, तुमच्या देवाला, सगळ्यांना शिव्या घालत होतो.

तिसऱ्या टप्प्याला दोर टाकला तो मी. ग्लेननं नाही. तो माझ्याकडे पाठ करून पिशवी आवळत होता.

दुहेरी सोडलेल्या दोराच्या टोकांना गाठी नव्हत्या. विसरलो असं लिहायचा मोह होतोय. विसरणं माणसाच्या हातून होतं, लोक माफ करतात. पण मी विसरलो नव्हतो. पुन्हा अडकतील, पुन्हा तास जाईल, म्हणून मुद्दाम नाही मारल्या. दोर खालच्या कपारीपर्यंत पोचतो याची मला खात्री होती. पोचतही होता.

इथंच थांबणार होतो. पण मग ही पाचवी चिठ्ठीही खोटीच ठरेल.

आमची एक रीत होती. दोर टाकणाऱ्यानं गाठी मारायच्या आणि आधी उतरणाऱ्यानं विचारायचं. बारा वर्षांचे असताना तुमच्या मागच्या अंगणातल्या झाडावरून उतरायचो, तेव्हापासूनची. त्यानं विचारलं.

'गाठ?'

'मारली.'

'दोन्हीला?'

'हो रे बाबा, दोन्हीला! उतर आता, गारठून मरतोय मी इथं.'

'मर की. उरलेला केक मला,' म्हणाला आणि धुक्यात उतरला.

मग दोर हलका झाला. हाक आली नाही, काही नाही. मी किती वेळ ओरडत होतो ठाऊक नाही. शेवटी दोर वर ओढला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. स्वतःसाठी मारल्या, आंटी. निळ्या बोटांनी, दोन मिनिटांत झाल्या. मी उतरलो आणि दोर संपला तिथं गाठीनं मला धरलं. कपार माझ्या डोक्याच्या वर, डाव्या अंगाला राहून गेली होती. धुक्यात ती मलाही दिसली नव्हती.

चौकशीच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून बसला होतात. त्यांनी विचारलं, दोर कुणी टाकला. मी म्हणालो, ग्लेननं. तुम्ही मान हलवलीत आणि पुटपुटलात, 'जेवणाचा डबासुद्धा ओट्यावर विसरायचा माझा पोरगा.' तुमचा एवढ्या सहज विश्वास बसला की खोटं मला फार जड गेलं नाही. त्यानंतर दर वर्षी केक आला, मी मध पाठवला. दहा वर्षं तुम्ही मला जेवू घातलंत.

तो डबा विसरायचा. छत्री विसरायचा. एकदा तुमचा वाढदिवस विसरला आणि माझ्या नावावर खपवलं. पण कड्यावर तो एकही गोष्ट कधी विसरला नाही. नाड्यांचा काही संबंध नाही, आंटी. नाड्या तुम्ही नीट बांधल्यात.

क्लबला आणि चौकशी केलेल्या अधिकाऱ्यांना हेच लिहून दोन पाकिटं कालच टपालात टाकली, म्हणजे आज मला माघार घेता येऊ नये. पुढं काय होईल ते होईल. हे लिहिल्यावर हलकं वाटेल अशी वेडी आशा होती. नाही वाटत. तो अजूनही विचारतोय, आणि मी अजूनही 'मारली' म्हणतोय, रोज. माफी मागत नाही. माझ्यावर तेवढी मेहरबानी करायचं ओझं तुमच्यावर कशाला?

पाटीसाठी हा मजकूर. यातलं एक अक्षरही बदलू देऊ नका:

ग्लेन ट्रांटर, १९६०–१९८६.
त्यानं विचारलं होतं, 'गाठ?'
नेविल पायबस खोटं बोलला.

आजवर पत्राखाली 'तुमचा दुसरा मुलगा' असं लिहीत आलो. तसं लिहायला तुम्हीच सांगितलं होतंत. आज ती जागा रिकामी सोडतोय.

नेविल पायबस

ता. क. केक या पत्रासोबत परत पाठवतोय. सुतळीची गाठ तुम्ही मारलीत तशीच आहे. मला ती सोडवली नाही.