तीनचा वर्ग एक

एव्हरशाईन सिटी, वसई

ती. अक्का,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

यंदा कॅल्क्युलसचं प्रॅक्टिकल मला पायथन या संगणकभाषेत घ्यायचं आहे. कॉलेजात ‘बेसिक’ ही जुनी संगणकभाषा शिकताना आपण घातांकासाठी टोपीचं चिन्ह द्यायचो, तेच काल लॅबमध्ये सगळ्यांसमोर दिलं. पायथनला तिथे दोन फुल्या लागतात; टोपी दिली की तो वेगळंच गणित करतो. पडद्यावर तीनचा वर्ग एक आला!

"मॅडम, पाढे बदलले का?" मागून एकजण म्हणाला. मी डोळे वटारले. हशा थांबला.

उद्या पुन्हा तास आहे. आणखी एकदा चुकले, तर फळ्यावरचं माझं गणितही ही मुलं खरं मानणार नाहीत. लॅबच्या दाराशी जायचीच भीती वाटते गं.

आईला मात्र सांग, यमुनाचा वर्ग अजून चिडीचूप असतो.

तुझी,
यमुना