ठोकळ्यांवरची गाडी

१९ नोव्हेंबर १९६१, रविवार
किहीमचे पारशी शेठ दुपारी गिरणीत आले. भाताचा हंगाम, पट्टा चालू, सगळीकडे कोंडा, आणि हे पांढऱ्या पाटलोणीत. म्हणाले, "बापुराव, तुझी जुनी गाडी मला दे नी माझी नवी तू घे. वर काय मागते नाय." त्यांच्या वडिलांकडे अगदी तशीच होती म्हणे. नवी म्हणजे सहा वर्षांची. हिरवी, दोघांपुरती, छप्पर मागे दुमडतं. मुख्य म्हणजे चालते. माझी चौदा वर्षांत चाललेली नाही.
विचार करून सांगतो म्हटलं. सौ. आतून म्हणाली, "विचार कसला? त्या धुडाला पाय फुटायची वाट बघताय का?"

२१ नोव्हें.
सकाळी गिरणीमागची शेड उघडली. जुनी चार ठोकळ्यांवर उभी. चाकं भिंतीला टेकवलेली, इंजिन बाकावर सुटं. ४७ साली एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना अलिबागला विकून गेला. मी आणि वसंता, माझा धाकटा भाऊ, बैल जुंपून ती इथे रेवदंड्याला घेऊन आलो. अकरा मैल. लोक हसत होते. वसंता चाकामागे बसून सगळ्यांना नमस्कार करत होता. म्हणायचा, "दादा, सुरू झाली की पहिली फेरी अलिबागची. जाऊन यायचं."
भिंतीवर कोळशाने त्याच्या अक्षरात अजून आहे : घरी आली. मीटर ८४१७.
शेठना कळवावं म्हणून मीटर पाहिलं. ८५३८.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच.

२२ नोव्हें.
वजाबाकी केली. एकशे एकवीस. अकरा अकरे एकशे एकवीस.
वसंता गेला त्याला १२ डिसेंबरला बारा वर्षं होतील. (गेला लिहिलं. आजवर या वहीत हरवला असंच लिहीत आलो.) म्हणजे ती तारीख आतापर्यंत अकरा वेळा येऊन गेली. दर खेपेला अकरा मैल. इथून अलिबाग. बावीस नाही, परतीचे नाहीत.
सौ. म्हणते, उंदरांनी फिरवलं असेल. उंदीर पाढे म्हणत नाहीत. शिवाय मीटरची तार मी स्वतः काढून खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यावर कोळिष्टकं आहेत.

२६ नोव्हें., रवि.
शेठनी नवी एकट्याला चालवायला दिली. नागावपर्यंत गेलो. काय सांगू! बावन्नाव्या वर्षी सुरूच्या बनातून मोठमोठ्याने हसत गेलो, समोरचा गाडीवान घाबरून बैल बाजूला घेऊ लागला. हवी आहे मला ती गाडी. सरळ लिहितो, हवी आहे.
वळणावर डावीकडे पाहून "बघ रे, कशी वळली" असं बोललो. डावी सीट रिकामी होती. परत येईपर्यंत तिकडे बघायचं धाडस झालं नाही.

२९ नोव्हें.
भटजी येऊन गेले. बारा वर्षं बेपत्ता माणूस गेलाच समजायचा. दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन, मग दिवस. १४ तारीख ठरली. त्या दिवशी सुलूने, वसंताच्या बायकोने, कुंकू पुसायचं.
ती दाराआडून ऐकत होती. भटजी गेल्यावर बाहेर आली. माझ्याशी फारशी बोलत नाही, आज बोलली. "दादा, गाडी ठेवा नाहीतर द्या. पण ती जाणं आणि हे, दोन्ही एकाच आठवड्यात नको."
शेठ मात्र १५ला मुंबईला जाणार. त्याआधी हो की नाही.

२ डिसें.
बंदरावर पोशा नाखवा जाळं शिवत बसला होता. वसंता हरवला त्या दिवशी अलिबागहून परतीची सर्व्हिस मोटार चुकली म्हणून तो याच्याच होडीने आला. बारा वर्षांत शंभरदा विचारलंय, आज पुन्हा विचारलं. तो न कंटाळता तेच सांगतो. "गुडघाभर पान्यात उतरवला त्याला. हातात कागदाची पुडी व्हती, ती वर धरून चालला. धुकं व्हतं. पान्याचा आवाज येत व्हता पायांचा, मंग येयाचा बंद झाला. मला वाटलं, पोचला."
गाडीचं सांगितलं. म्हणाला, "जुनी मोडताना आमी तिची एक फळी नव्या होडीत घालतो. नायतर नव्या होडीला घर सापडत न्हाय."
मी म्हटलं, माझ्या गाडीत फळी कुठली?
"कायतरी आसंलच की. त्याच्या हातचं."
आहे. गियरच्या दांड्याचा गोल मुठा. शिसवाचा तुकडा कानशीने घासून वसंताने केलेला.

५ डिसें.
हे कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहितो.
इंजिनाच्या सांध्यात बसणारं पॅकिंग आम्ही घरीच ठोकून कापलं होतं. शेवटचं काम. ते बसलं असतं तर त्याच संध्याकाळी गाडी सुरू. फाटलं. सगळ्यांना मी सांगितलं की वसंताच्या हातून फाटलं, म्हणून तोच दुसरं आणायला अलिबागला गेला. माझ्या हातून फाटलं होतं. एक घाव जास्त घातला. वर त्याच्यावरच ओरडलो. त्याने सदरा घातला आणि निघाला.
आई मरेपर्यंत म्हणत होती, त्याचा हात जडच. मी ऐकून घेतलं.

८ डिसें.
ठरलं. शेठना हो कळवलं. शेडमध्ये जाणं आता झेपत नाही, हे एक. आणि ती हिरवी हवी आहे, हे दुसरं. दोन्ही खरं. सुलूला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

११ डिसें., सोम.
नवी आली, अंगणात उभी आहे. शेठच्या चिठ्ठीत मीटर ३१,२०६, मीही पाहून घेतलं. जुनीला न्यायला परवा लॉरी येईल. मुठा काढला, नव्या दांड्यावर थोडं सूत गुंडाळून बसवला. माझ्या हाताला तो कधीच नीट बसला नव्हता. आजही नाही.
नवीची किल्ली जानव्याला बांधली.

१२ डिसें.
दिवसभर शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. गिरणी बंद ठेवली. गिऱ्हाईक काय म्हणायचं ते म्हणून परत गेलं. धुकं दहापर्यंत हललं नाही. एकदा वाटलं, पाण्यातून कोणी चालत येतंय. पण समुद्र तर ओहोटीने पार लांब गेलेला.
संध्याकाळी दार उघडलं. ८५३८. आकडा हललेला नाही.
सुटलो, असं वाटायला हवं होतं. खूप वाईट वाटलं. लहान मुलासारखा रडलो, सौ. ने पाहिलं तरी थांबवेना.

१३ डिसें., सकाळ
उठून अंगणात गेलो. नवीवर दंव नाही. बाकी सगळ्या अंगणात आहे, तुळशीवर आहे, गाडीवर थेंब नाही. बॉनेटला हात लावला. कोमट.
मीटर ३१,२१७.
किल्ली जानव्याला आहे. आता लिहितानाही आहे.
डावी सीट कोरडी. उजवी, चालवणाऱ्याची, ओली आणि खारट. पायाशी वाळू. मुठ्याखाली सूत नाही, तरी घट्ट बसलाय.
मागे सुलू उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मी आकडा वाचून दाखवला आणि मग राहवेना, पॅकिंगचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, दादा. निघताना सांगून गेले. म्हणाले, दादाला बोलू नकोस, त्याला फार लागेल."
सासू मरेपर्यंत तिने तिचं बोलणं ऐकलं आणि बारा वर्षांत मला एका शब्दाने दुखावलं नाही. मी तिच्या पाया पडायला वाकलो, ती मागे सरली.

तीच, नऊ वाजता
लॉरी आली आहे. माणसं शेडचं दार उघडून उभी आहेत. त्यांना थांबवलंय. उद्याच्या दर्भाचं विचारायला भटजी ओटीवर आलेत, त्यांनाही थांबवलंय. सौ. सगळ्यांना चहा देते आहे.
अकराच मैल. म्हणजे तो अलिबागला पोचला, परतीचे बाकी आहेत.
मी जाऊन येतो. सुलूला म्हटलं, चल. तिने मान हलवली. "डावी जागा मोकळी राहू दे. मी इथे दारात आहे."
सकाळचं कुंकू तिने नेहमीपेक्षा मोठं लावलंय.
गाडी सुरू करून ठेवली आहे. धुकं अजून आहे.